कागदाच्या तुकड्यांतून फुललेली बाग

विद्यार्थी मित्रहो, आणि त्यांच्या शेजारी बसून ही स्मरणिका चाळणाऱ्या पालकहो,

एखाद्या जुन्या इमारतीत गेलात तर पायाखालची लादी जरा निरखून पाहा. सिमेंटमध्ये संगमरवराचे लहानमोठे तुकडे बसवून ती घोटलेली असते. आपण तिला मोझाइकची लादी म्हणतो. मोठा दगड फोडताना उरलेले हे तुकडे. सुटा तुकडा कोणी उचलूनही घेणार नाही. पण तोच नीट जागी बसला की नक्षी होतो. रंगीत दगडांचे आणि काचांचे तुकडे असेच जोडून चित्रे करण्याची कला फार प्राचीन आहे. दमास्कस शहरातील उमय्या मशिदीच्या भिंतींवर आठव्या शतकात कारागिरांनी अशाच तुकड्यांतून झाडे, नदी आणि वाडे उभे केले.

आज मी तुम्हाला ज्या कलावतीची ओळख करून देणार आहे, तिने दगड आणि काच यांच्याऐवजी कागदाचे तुकडे वापरले आणि आपल्या कामाला कागदी मोझाइक असेच नाव दिले. तिचे नाव मेरी डिलेनी. हे काम तिने सुरू केले तेव्हा तिचे वय किती असेल? 72 वर्षे! पुढच्या दहा वर्षांत तिने 985 फुलझाडांची चित्रे पुरी केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेली आहेत. 72 व्या वर्षी ही कला तिला एकाएकी कशी सापडली, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर शोधायचे तर तिच्या लहानपणापासून सुरुवात केली पाहिजे.

मेरीचा जन्म 14 मे 1700 रोजी इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात कूल्स्टन या गावी झाला. तिचे वडील बर्नार्ड ग्रॅनव्हिल. घराणे नावाजलेले, पण वडील धाकट्या पातीचे, त्यामुळे मान मोठा आणि मिळकत बेताची. सहाव्या वर्षी तिला फ्रान्समधून आश्रयाला आलेल्या एका शिक्षिकेच्या शाळेत घातले. शाळेत मुली होत्या अवघ्या वीस. तेथे ही मुलगी रिकाम्या वेळी कात्रीने कागदाची फुले आणि पाखरे कापीत बसे. ती इतकी सुबक असत की एक वर्गमैत्रीण ती उचलून आपल्या झग्यावर टाचणीने लावून मिरवीत असे. वाचकहो, ही कात्री ध्यानात ठेवा. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आठव्या वर्षी मेरी लंडनला आत्याकडे राहावयास गेली. ॲन राणीच्या दरबारात तिला मानाची जागा मिळावी म्हणून घरातली मंडळी तिला तयार करीत होती. वाचन, नृत्य, संगीत, शिवण असे सारे शिक्षण चालू होते. ती दहा वर्षांची असताना हँडेल हा थोर संगीतकार त्या घरी आला आणि तिच्याच लहानशा वाद्यावर त्याने वादन केले. तो निघून गेल्यावर मेरी लगेच त्या वाद्यापाशी बसली आणि आपल्याला येत होते तेवढे वाजवू लागली. कोणतीही कला दिसली की आपला हात तिच्यावर चालवून पाहायचा, हा तिचा स्वभाव तेव्हापासूनचा.

पण 1714 मध्ये राणी वारली आणि सारे चित्र पालटले. नवा राजा जॉर्ज जर्मनीतील हॅनोव्हरहून आला. त्याची मर्जी दुसऱ्या पक्षावर होती, आणि ग्रॅनव्हिल घराणे राणीच्या बाजूचे म्हणून संशयात सापडले. मेरीचे काका लॉर्ड लॅन्सडाउन यांना टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत जावे लागले. वडिलांनाही एका पहाटे शिपायांनी येऊन पकडले. पुढे सुटका झाल्यावर ते कुटुंबासह बकलंड नावाच्या आडगावी जाऊन राहिले. दरबाराची स्वप्ने संपली. घरखर्चही कैदेतून सुटून आलेल्या काकांच्या मदतीवर चालू लागला.

आणि येथेच मेरीच्या आयुष्यातला पहिला मोठा घाव आहे. काकांना पैसेवाल्या आणि राजकारणात उपयोगी पडणाऱ्या माणसाशी सोयरीक हवी होती. अलेक्झांडर पेंडार्व्हिस हा कॉर्नवॉलकडचा जमीनदार, पार्लमेंटचा सभासद, त्यांच्या नजरेत भरला. तो साठीच्या घरातला, देहाने स्थूल, संधिवाताने जखडलेला आणि दारूच्या आहारी गेलेला. मेरी सतरा वर्षांची. तिला तो मुळीच आवडला नव्हता. पण नकार दिला तर काका वडिलांची मदत बंद करतील हे तिला कळत होते. तिला विचारल्यासारखे केले गेले; परंतु ज्या प्रश्नाला एकच उत्तर देता येते, त्याला विचारणे म्हणत नाहीत. 1718 च्या फेब्रुवारीत लग्न झाले. समारंभ थाटाचा होता. पुढे आपली हकीकत लिहिताना मेरीने त्या दिवसाचे वर्णन केले ते बळी दिल्या जाणाऱ्या जिवासारखे.

पालकहो, मेरीचे आईवडील दुष्ट नव्हते. त्यांचे मुलीवर प्रेम होते. अडचणीत सापडलेल्या घराने मुलीच्या आयुष्यातून आपली अडचण सोडवून घेतली, एवढेच. अशी घरे त्या काळीच होती आणि तिकडेच होती, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता येईल का?

कॉर्नवॉलमधील रॉस्क्रो येथे नवऱ्याचा जुना, पडका वाडा होता. माहेर दूर, नवरा संशयी, महिनोन्महिने त्याचे आजारपण. त्या दिवसांत मेरीला आधार होता तो वाचनाचा, शिवणकामाचा आणि समुद्रकाठी वेचलेल्या शिंपल्यांचा. पुढे लंडनला बिऱ्हाड केल्यावर नवऱ्याचे पिणे वाढतच गेले. 1725 मध्ये एका सकाळी तिला जाग आली तेव्हा तो अंथरुणातच गतप्राण झालेला होता. मृत्युपत्रात तिच्या नावाची सोय करायची राहून गेली आणि इस्टेट त्याच्या भाचीकडे गेली. ज्या संपत्तीसाठी सतरा वर्षांच्या मुलीला उजवले, ती संपत्ती अशी हातची गेली! लग्नाच्या वेळी ठरलेले वर्षाकाठी काही शे पौंड तेवढे तिच्या हाती राहिले.

चोविसाव्या वर्षी मेरी विधवा झाली. मात्र त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीचा पैसा नवऱ्याचा असे, तर विधवेचा तिचा स्वतःचा असे. उत्पन्न थोडे होते. पण ते कसे खर्चावे हे तिला कोणी सांगणार नव्हते. मागण्या अनेक आल्या. तिने त्या नाकारल्या. आप्तांच्या आणि मैत्रिणींच्या घरी राहून तिने चित्रकला शिकून घेतली, भरतकामात हात बसवला, शिंपल्यांच्या नक्षीचे काम केले आणि बहीण ॲन हिला मोठमोठी पत्रे लिहिली. ती पत्रे पुढे छापली गेली. त्या काळचे घरगुती जीवन समजून घ्यायला अभ्यासक आजही ती वाचतात.

1731 मध्ये ती आयर्लंडला गेली. तेथे गलिव्हरची गोष्ट लिहिणारे जोनाथन स्विफ्ट यांच्याशी तिचा परिचय झाला आणि त्यांचेच स्नेही असलेले पॅट्रिक डिलेनी हेही तिला तेथे भेटले. डिलेनी धर्मोपदेशक होते, विद्वान होते, बागेचे वेडे होते. पुढे त्यांची पहिली पत्नी वारली आणि 1743 मध्ये त्यांनी मेरीला मागणी घातली. तिचे वय 43. डिलेनींचे घराणे साधे, म्हणून माहेरच्यांची, विशेषतः भावाची, नाराजी झाली. परंतु या वेळी निर्णय मेरीचा होता. तिने होकार दिला. येथून पुढे आपणही तिला आदराने डिलेनीबाई म्हणू.

डब्लिनजवळ डेल्व्हिल नावाचे त्यांचे घर होते. तेथील पंचवीस वर्षे हा डिलेनीबाईंच्या आयुष्यातला सुखाचा काळ. नवराबायकोने मिळून बाग फुलवली. बाईंनी छतांना आणि भिंतींना शिंपल्यांची नक्षी केली, खुर्च्यांच्या गाद्यांवर भरतकाम केले, चित्रे रंगवली. फुले भरावीत तर त्यांनीच! त्याआधी, लंडनच्या दिवसांत, दरबारी समारंभासाठी त्यांनी काळ्या रेशमावर खऱ्यासारखी फुले भरलेला पोशाख तयार केला होता. काळ्या रंगावर फूल उठून दिसते ही खूण तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांना ठाऊक होती. या सर्व कामाचे पहिले पारखी त्यांचे पती. एखादे काम पुरे झाले की ते त्यांना दाखवायचे आणि त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायची, यातच बाईंचे समाधान असे. सुखाला गालबोट लागले ते एका दाव्याचे. पहिल्या पत्नीच्या नातेवाइकांनी इस्टेटीवरून पतीला कोर्टात खेचले. ते प्रकरण वर्षानुवर्षे चालून 1758 मध्ये त्यांच्या बाजूने निकालात निघाले. पण तोवर म्हाताऱ्या माणसाची प्रकृती खचली होती.

1761 मध्ये जिवाभावाची बहीण ॲन गेली. 6 मे 1768 रोजी बाथ येथे पतीही वारले. बाई 67 वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हते. सुई, रंग, शिंपले सारे घरात होते. पण हात लागेना. काम करून दाखवायचे कोणाला? ज्याच्या शाबासकीने त्या कामाला मोल होते तोच राहिला नव्हता. दुःखात माणसाचे असे होते, हे घरात मृत्यू पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

अशा वेळी त्यांची जुनी मैत्रीण पुढे आली. ही पोर्टलंडची डचेस मार्गारेट. तिचा बुलस्ट्रोड येथील वाडा म्हणजे फुले, शिंपले, पाखरे, दुर्मिळ वनस्पती यांचे संग्रहालयच होते. तिने डिलेनीबाईंना दरवर्षी कित्येक महिने आपल्याकडे ठेवून घ्यायला सुरुवात केली. तिने उपदेश केला नाही. आपल्या कामात त्यांना सोबतीला घेतले. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी फुलातील केसर मोजून वनस्पतींची वर्गवारी करण्याची पद्धत घालून दिली होती, आणि ती त्या वेळी नवी होती. डिलेनीबाईंनी ती शिकून घेतली. 1769 मध्ये, पती जाऊन वर्ष होते न होते तोच, या पद्धतीने लिहिलेल्या इंग्लंडच्या वनस्पतींवरील एका लॅटिन ग्रंथाचे त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी इंग्रजीत भाषांतर केले. कॅप्टन कुक यांच्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून 1771 मध्ये परतलेले जोसेफ बँक्स आणि सोलँडर हे वनस्पतिशास्त्रज्ञही त्यांना भेटले. एकोणसत्तराव्या वर्षी नवा विषय शिकायला बसलेली ही विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणून पाहा.

आणि मग 1772 ची गोष्ट. टेबलावर जिरेनियमचे तांबडे फूल होते आणि शेजारी त्याच रंगाचा कागदाचा तुकडा पडला होता. दोन्हींचा रंग तंतोतंत जुळतो हे बाईंच्या ध्यानात आले. त्यांनी कात्री घेतली, फुलाकडे पाहत पाकळ्या कापल्या, हिरव्या कागदाची पाने कापली आणि सारे चिकटवले. सांगतात की डचेस खोलीत आली तेव्हा ते खरेच फूल समजून, या फुलाचे काय चालवले आहे, असे तिने विचारले. लहानपणी शाळेतल्या मैत्रिणीच्या झग्यावर मिरवणारी फुले कापणारी ती कात्री साठाहून अधिक वर्षांनी पुन्हा हातात आली होती.

काम करण्याची त्यांची रीत आता ऐका. प्रथम कागदावर काळ्या रंगाचा दाट थर देऊन तळ तयार करायचा. मग जिवंत फांदी समोर ठेवायची, तिच्या पाकळ्या, केसर, देठ, पाने न्याहाळायची, आणि रेखाटन न करता नजरेच्या अंदाजानेच कागद कापायचा. रंगीत कागद मिळतील तेथून त्या मिळवीत, आणि हवी ती छटा मिळाली नाही तर कागद स्वतः रंगवीत. पानावर ऊन पडले असेल तर तेवढ्यापुरता फिक्या हिरव्याचा तुकडा, खाली सावली असेल तेथे गडद तुकडा, शिरेसाठी केसासारखी बारीक पट्टी. असे तुकडे एकावर एक खळीने चिकटवीत गेले की फूल काळ्या कागदातून वर आल्यासारखे दिसे. आपल्या कृष्णकमळाच्या जातीतल्या एका वेलाचे चित्र त्यांनी केले, त्यातील एकाच फुलाला कागदाचे 230 हून अधिक तुकडे आहेत! आपल्याकडच्या चिरबोटीच्या जातीतल्या एका झाडाच्या चित्रात तर वाळलेल्या फळाच्या वेष्टनाची खरीखुरी जाळी त्यांनी बसवली आहे. कोठे कोठे खरे पानही चिकटवलेले आढळते.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात त्या आपल्या नावाची आद्याक्षरे कागदातूनच कापून लावीत. मागच्या बाजूला झाडाचे लॅटिन व इंग्रजी नाव, काम केल्याची तारीख, ठिकाण आणि झाड कोणी दिले त्याचे नाव. प्रयोगवहीची शिस्त आणि कलावंताचा हात येथे एकत्र आलेले दिसतात. कीर्ती पसरली तशी दूरदूरची झाडे त्यांच्याकडे येऊ लागली. तिसरा जॉर्ज राजा आणि शार्लट राणी यांनी बुलस्ट्रोडला येऊन हे काम पाहिले आणि क्यू येथील राजबागेतून त्यांना फुले पाठवली जाऊ लागली. एखाद्या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन निर्धास्तपणे करावे अशी चित्रे फक्त डिलेनीबाईंचीच, असे मत बँक्स यांनी दिल्याचे सांगतात.

पण मानमरातब हा या गोष्टीचा गाभा नव्हे. 1779 मध्ये आपल्या संग्रहाला जोडलेल्या छोट्या टिपणात बाईंनी स्वतःच कारण नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की पूर्वी आनंद देणाऱ्या कलांमध्ये आता मन रमत नव्हते, कारण ज्याच्या पसंतीचा अभिमान वाटे तो जिवलग राहिला नव्हता. ती पोकळी भरून काढण्यासाठी हे काम हाती घेतले. म्हणजे पाहा, दुःख विसरण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. पतीबरोबर लावलेली बाग, काळ्या रेशमावरची फुले, शिंपल्यांची जुळणी, रंगांची पारख, लिनियसचा अभ्यास, लहानपणीची कात्री, असे आयुष्याचे सारे तुकडे त्यांच्यापाशी होते. त्यांनी ते नव्या रीतीने जोडले. आणि फूल कोमेजायच्या आत काम पुरे करायचे असल्यामुळे रोज सकाळी उठायला एक कारण मिळाले. औषध मिळाले ते येथे.

हजार चित्रे पुरी करावीत अशी त्यांची इच्छा होती. पण 1782 च्या सुमारास दृष्टी इतकी मंदावली की कात्री ठेवावी लागली. मोजणी 985 वर थांबली. त्यावर त्या रडत बसल्या नाहीत. बहिणीची पणती नव्हे, नात, जॉर्जियाना ही छोटी मुलगी त्यांच्यापाशी राहत होती. तिला वाढवण्यात आणि शिकवण्यात त्यांनी मन घातले. 1785 मध्ये डचेस वारली तेव्हा राजाने विंडसरच्या राजवाड्याजवळ त्यांना घर दिले आणि वर्षाला 300 पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले. ज्या दरबारी जाण्याची तयारी चौदाव्या वर्षी अर्धवट राहिली होती, त्याच्या दारी त्या अशा पंच्याऐंशीव्या वर्षी पोहोचल्या. आणि त्या काकांच्या वशिल्याने नव्हे, स्वतःच्या हातच्या कामाने. 15 एप्रिल 1788 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अठ्ठ्याऐंशी पुरी व्हायला महिना उरला होता.

दहा जाडजूड आल्बमांतली ती चित्रे घराण्यात जपली गेली. त्याच जॉर्जियानाची मुलगी लेडी लॅनोव्हर हिने डिलेनीबाईंची पत्रे छापून प्रसिद्ध केली आणि तिच्याच इच्छेप्रमाणे 1897 मध्ये चित्रांचे आल्बम ब्रिटिश म्युझियमकडे आले. आज म्युझियमच्या संकेतस्थळावर ती घरबसल्या पाहता येतात. अडीचशे वर्षे झाली तरी फुले काळ्या कागदावर टवटवीत आहेत.

विद्यार्थी मित्रहो, वर्गात तुम्ही मला पुष्कळदा विचारता की चित्रकलेचा तास, शिवणाचा तास, कवितेचा तास यांचा पुढे उपयोग काय? मार्क तर धरत नाहीत! मी तुम्हाला नेमका उपयोग सांगू शकत नाही. सहा वर्षांच्या मेरीलाही तो कोणी सांगू शकले नसते. एवढे मात्र खरे की जे नीट शिकलात ते तुमच्यापाशी राहते, आणि पडत्या काळात हाताला काही धरायला लागते तेव्हा तेच सापडते.

आणि पालकहो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. मेरीच्या आयुष्यात मोठ्यांनी घेतलेला निर्णय सात वर्षे तिला जाळीत राहिला. तिने स्वतः घेतलेला निर्णय पंचवीस वर्षे सुख देऊन गेला. घरात मुलीच्या आयुष्याची बोलणी निघतील तेव्हा तिला खरोखरच विचारा, आणि नाही म्हणण्याची मोकळीक ठेवून विचारा. दुसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्या माणसांची. जोडीदार गेल्यावर कोपऱ्यात गप्प बसलेली आजी किंवा चुलते तुमच्याही घरात असतील. आता त्यांचे काय राहिले, असे म्हणू नका. बुलस्ट्रोडच्या डचेसने केले तेवढेच करा. त्यांना आपल्या कामात ओढा, त्यांच्यापुढे टेबल सरकवा, टेबलावर एखादे ताजे फूल ठेवा, आणि जवळ एक कात्रीही असू द्या.